धुक्यातली टकटक

दादा,

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही. तरी लिहितो.

गेल्या थंडीत तू नदीच्या मुखाशी मासे धरायला गेलास तो परत आलाच नाहीस. तुझी होडीही मिळाली नाही. यंदा जाळं टाकायला माझ्याबरोबर वहिनी येते. राग मानू नकोस, पण तिचा हात तुझ्यापेक्षा चपळ आहे.

धुक्यातला नियम तूच मला शिकवलास. समोरच्याने होडीच्या काठावर वल्हं ठोकलं की आपणही ठोकायचं, म्हणजे तो बाजूने जातो. उत्तर आलं नाही, तर वाट मोकळी समजून तो सरळ पुढे येतो.

यंदा पहिल्याच धुक्यात मुखाकडून टकटक आली. दोन भरभर, तिसरी सावकाश. तसं तुझ्याशिवाय कुणी ठोकत नाही. घाबरून मी उलट ठोकलंच नाही. पुढच्या धुक्यातही नाही. दर वेळी आवाज जवळ येत गेला, आणि तो का येतोय ते माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

आज तो अगदी होडीला लागून आला. मी वल्हं उचललं, तर वहिनीने माझं मनगट धरलं.

"ठोकू नका, भाऊजी. बाजूने निघून जातील."

मग जागा करून द्यावी तशी ती फळीवर माझ्याकडे सरकली. होडी मात्र पलीकडे कलली.

दादा, बसायचं तर बस. उतरताना तिला नेऊ नकोस.

वल्हं हातात धरून बसलेला,
तुझा धाकटा