माकडाची घोंगडी

इंद्रवेल्ली

सौ. जयवंताबाईस नागोरावाचा आशीर्वाद. लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. आपल्या लेकीकडे मी सुखात आहे, थोडं डोकं दुखतं इतकंच.

इथे जंगलात माकड मेलं. मारुतीचं रूप म्हणून आम्ही वाजतगाजत पुरलं. माझ्याच घोंगडीत नेलं होतं. पुण्य लागलं म्हणून तीच घोंगडी नातवाच्या पाळण्यासाठी तुला धाडली.

काल जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बुवा, हात काऊन लावला? मेल्या माकडाच्या गोचिडी माणसाला चावतात. कर्नाटकात त्यातून आलेल्या तापानं माणसं गेली. हे कशानं मेलं, कोण सांगावं?"

घोंगडी काठीनं उचलून जाळ. बाळाच्या कानामागे, काखेत गोचीड आहे का नीट पाहा. अंग तापलं तर नाही ना?

पत्र बसवाल्याजवळ देतो. त्याच्याच हाती दोन ओळी दे, मी स्टँडवर बसून आहे.