अकरा बगळे

१९ जानेवारी, रविवार
नवी वही. रोज लिहायचे, शाईने, खाडाखोड न करता. शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखनात पहिला होतो. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

आईचे कापड काल पूर्ण झाले. चौदा महिने लागले. हे तिचे शेवटचे बातिक. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. भरतीचे पाणी अंगणात शिरले की बगळे येऊन उभे राहतात, तेच काढले आहेत. अकरा. आई पेन्सिलीने कच्चे काढत नाही, थेट कापडावर मेण सोडते. गल्ली सोडून गेलेल्यांपैकी एकेक माणूस म्हणजे एकेक बगळा, असे म्हणते.

जावा बेटावरच्या आमच्या पेकालोंगानमध्ये चांगले चित्र बाजारात गेले की महिन्याभरात छापखान्यात दिसते. हे दिसणार नाही. मी याची आईच्या नावाने सरकारी नोंदणी करणार.

२४ जानेवारी, शुक्रवार
आईला सांगितले. म्हणाली, बगळ्यांची कसली नोंदणी, ते काय जमिनीचे तुकडे आहेत? तिला कायदा कळत नाही. बाबा असते तर लंगडत का होईना, कचेरीच्या दहा फेऱ्या त्यांनीच घातल्या असत्या.

ताई म्हणते, आजच जा. उगाच घाई. आईची जन्मतिथी जावानी पंचांगाप्रमाणे गुरुवार-वागे. सात वार आणि पाच बाजारवार यांची अशी गाठ पस्तीस दिवसांनी एकदा पडते. या वेळी ६ फेब्रुवारीला. आईचे काम आईच्या दिवशीच व्हायला हवे. तयारीला वेळही मिळेल.

२८ जानेवारी, मंगळवार
अर्जाला कागदावरचे स्वच्छ चित्र लागते. आई म्हणाली, कागदावर माझा हात चालत नाही. म्हणून मी ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवले. आठ तास.

आईची नजर किती गेली आहे ते तेव्हा कळले. एका बगळ्याची मान जाड, एकाची चोच वाकडी, सातव्याचा पाय तर गुडघ्यातून बाहेरच वळलेला. अशा चुका पाहून कचेरीतले लोक हसतील. मी सगळे सारखे केले. एक बगळा नीट काढला आणि तोच अकरा वेळा, पट्टीने अंतर मोजून. आईला सांगितले नाही. उगाच वाईट वाटायचे.

३ फेब्रुवारी, सोमवार
चित्र स्कॅन करायला गुनार्दीच्या दुकानात दिले. म्हणाला, भाऊ, काय हात आहे तुझा, एक रेघ हलली नाही. बुधवारी देतो म्हणाला.

५ फेब्रुवारी, बुधवार
तयार नाही. कागदावरचे ठिपके साफ करतो आहे. काटेकोर माणूस. घाई केली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
चित्र आज मिळाले. काल गुरुवार-वागे होता, तो गेला. पण गुनार्दीने फाइल अशी केली आहे की हवी तेवढी मोठी करा, फाटत नाही. ताईने विचारले, मोठी कशाला करायची, अर्ज तर वहीच्या पानाएवढा आहे ना? तिला कॉम्प्युटरमधले कळत नाही.

पुढचा गुरुवार-वागे १३ मार्च. ताई म्हणाली, तू अर्ज देईपर्यंत बगळे म्हातारे होतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अर्ज चौथ्यांदा लिहिला. अक्षर आता छापल्यासारखे आले आहे. आईने आज चहात साखरेऐवजी मीठ घातले. मी प्यायलो.

११ मार्च, मंगळवार
ताई बाजारातून आली ती चप्पल न काढताच आत आली. ईदच्या कपड्यांच्या प्रत्येक दुकानात बगळे आहेत म्हणाली. निळे, गुलाबी, पोपटी. तिने मोजले. अकरा.

ती म्हणाली, ऊठ, आत्ता जा. मी समजावले की परवावर दिवस आलेला असताना मोडता घालू नये. संध्याकाळी रोजा सोडताना तिने आईचे आणि स्वतःचेच ताट वाढले.

१३ मार्च, गुरुवार-वागे
अर्ज दिला. साहेबांनी अक्षराची तारीफ केली. मग कॉम्प्युटरवर पाहून म्हणाले, हेच चित्र १० फेब्रुवारीला आले आहे, एका छापखान्याच्या नावाने.

मी म्हणालो, मूळ कापड घरी आहे. ते म्हणाले, आणा. आता प्रश्नच नाही. कापड खोटे बोलत नाही.

१७ मार्च, सोमवार
कापड नेले. साहेबांनी टेबलावर पसरले. एका बाजूला छापील, मध्ये माझा कागद. भिंग घेऊन बराच वेळ पाहिले. चांगला माणूस. म्हणाले, छापील कापड तुमच्या कागदाशी तंतोतंत जुळते, या कापडाशी नाही. यात प्रत्येक बगळा वेगळा आहे. याची नक्कल करणे कोणाला जमलेच नसते. मग विचारले, हा कागद कोणी काढला?

मी म्हणालो, मी.

कापडाची घडी त्यांनी स्वतः घातली, काठाला काठ लावून. म्हणाले, हे जपा. बाहेर आल्यावर ठरवले की सविस्तर उत्तर लेखी पाठवायचे.

३० मार्च, रविवार
उद्या ईद. लेखी उत्तराची तीन वाक्ये झाली आहेत.

शेजारणीने आईला बाजारातले बगळ्यांचे कापड आणून दिले. गल्लीतल्या सगळ्या बायका उद्या तेच नेसणार. म्हणाली, काकू, तुमचेच बगळे आहेत, तुम्हीही नेसा. ताई माझ्याकडे बघत राहिली.

आईने कापड खिडकीशी नेले. डोळ्याला चिकटेल इतके जवळ धरले आणि बोटाने मोजत गेली. अकरापर्यंत गेली, परत सातव्यावर आली. मग विचारले, प्रिहादी, यात तुझे बाबा कुठे आहेत?

मी म्हणालो, उजेड कमी आहे, आई.

दुपारचे बारा वाजले होते. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.