कोलशेतच्या मुलाखतीची नोंद पुन्हा पुन्हा उमटण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
खाडी लोकजीवन अभ्यास केंद्र,
खोपट, ठाणे

विषय : संगणकातील संदर्भसूचीचा बिघाड व ग्रंथातील एक ओळ राखण्याची विनंती.
संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र, दि. ३ फेब्रुवारी १९९७.

महोदय,

१. अर्जदार मंजुळा महिपत सावर्डेकर, टंकलेखिका, केंद्राच्या ग्रंथासाठी संगणकातील सूचीतून संदर्भ कॉपी करून प्रकरणांत पेस्ट करते. दि. २० जानेवारीपासून कोणताही संदर्भ कॉपी केला तरी एकच ओळ उमटू लागली : ‘आवडाबाई दगडू नाखवा, मुलाखत, कोलशेत, १९८९.’ आपणांस दिलेल्या प्रतीत ती एक्केचाळीस ठिकाणी गेली, हे खरे आहे.

२. दुरुस्तीसाठी कल्याणहून श्री. पोपट केणे आले. “मॅडम, सीचं बटण झिजलंय. कॉपी होतच नाय, म्हणून आधीचंच पेस्ट होतंय,” असे सांगून त्यांनी कीबोर्ड बदलला. फरक पडला नाही. माउसने करून पाहिले, सॉफ्टवेअर नव्याने टाकले. अखेर आपल्या आदेशानुसार ती नोंदच पुसली. पुसल्यावरही तीच ओळ आली. श्री. केणे यांनी पुन्हा येण्यास नकार दिला आहे.

३. सदर मुलाखत अर्जदारानेच घेतली होती, हे आजवर सांगितले नाही. आवडाबाई पुढल्याच वर्षी वारल्या. अर्जदाराने कपाटातील कॅसेट काढून ऐकली. तीत त्या म्हणतात, “माजा नाव नको लिवू बाय. माज्या दामाजीचा लिव. होडी मिलाली, पोर नाय मिलाला. कागदावर तो मेलेला पन नाय.” त्यावर अर्जदाराचा स्वतःचा आवाज आहे : “लिहिते हं, आजी.” पद्धतीप्रमाणे मुलाखत देणाऱ्याचे नाव लिहिले गेले, मुलगा राहून गेला.

४. दि. ५ रोजी अर्जदाराने परवानगीविना बुडालेल्यांच्या प्रकरणात लिहिले : ‘दामाजी दगडू नाखवा, कोलशेत. १९८३ साली खाडीत गेले, सापडले नाहीत.’ त्यानंतर एक्केचाळीसही संदर्भ बिनचूक पेस्ट झाले. कारण अर्जदारास सांगता येत नाही. ती ओळ काढून पडताळा घेण्याचे धाडस झालेले नाही.

आपण कराल ती कारवाई मान्य आहे. ओळ मात्र राहू द्यावी. काढायचीच ठरल्यास ते काम कृपया दुसऱ्या कोणास सांगावे. अर्जदार त्या म्हातारीला एकदा हो म्हणून बसली आहे.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
मं. म. सावर्डेकर
ठाणे, दि. १० फेब्रुवारी १९९७

सोबत : कॅसेट एक.