बिनदातांची पंगत

२ जानेवारी १९३३
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पेठेतल्या मारुतीच्या ओसरीवर, ज्यांचं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण मिळतं. धान्य शेटजींचं, रांधणं मायाक्काचं. आणि देते काय? कडक भाकरी, तिखटजाळ आमटी, शेंगाची चटणी. तोंडात दात नाहीत त्यांना कडक भाकरी! गिरणीच्या डाक्टरांचं लेक्चर मी दारात उभं राहून ऐकलं आहे. म्हातारपणी मऊ खावं, तिखट बंद. व्हिटामिन कशात असतं तेवढं भोंगा झाल्यामुळं राहिलं.
हे शेटजींना सांगितलं. म्हणाले, महिनाभर तू बघ, म्हातारी खूश दिसली तर कायमचा ठेवतो. मग गिरणीची नोकरी सुटेल, नाकात कापूस जाणं सुटेल. वेळापूरला आबा एकटेच. आई गेल्यापासून स्वतःच भाकरी थापतात, एका अंगानं करपलेली खातात. त्यांना ह्या पंगतीत बसवणार. सांगावा धाडला: मुलगा मॅनेजर झाला, या.

४ जानेवारी
पहिली पेज. तांदूळ, मूग, मीठ नावाला. मायाक्कानं गालाला हात लावला. पंगतीतल्या कल्लप्पा आजानं वाटी संपवून विचारलं, आता जेवायला काय हाय? मायाक्का म्हणाली, ही माणसं भाकरी मुठीनं चुरत्यात, वर आमटी वतून झाकून ठेवत्यात, बगितलंस का कदी? मला असल्या गोष्टींना वेळ नाही.

७ जानेवारी
लई यश. तक्रार बंद, सगळ्या वाट्या लख्ख. देवळातलं कुत्रंसुद्धा बाळसं धरू लागलं. जागेचा गुण.

११ जानेवारी, संध्याकाळ
कल्लप्पा आजाच्या मिशीला लसणाचा वास. विचारलं तर म्हणाला, औषध लावलंय. मिशीला? उद्यापासून कडक नजर.

१३ जानेवारी, भोगी
झालं ते लिहून ठेवतो.
आबा वेळापूरहून कुर्डुवाडीला येऊन, तिथून सकाळच्या गाडीनं आले. पंगतीत पहिला पाट त्यांचा मांडला. बाकीचं कुणीच आलं नाही, कुत्रं तेवढं वेळेवर. आबांनी एक घोट घेतला, हात धुऊन येतो म्हणाले, ते गेलेच. शोधत देवळामागं मायाक्काच्या अंगणात गेलो. सगळी पंगत तिथं! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. मधोमध माझे आबा, मुठीनं भाकरी चुरतायत. कल्लप्पा आजा त्यांना सांगत होता, अजून बारीक करा की पावणं. आई गेल्यानंतर आबांना हसताना आज पहिल्यांदा पाहिलं. पण कुठं? फितुरांत! मी विचारलं, आबा, तुमीसुद्धा? म्हणाले, बस की कुंडलिक, गरम हाय. बसलो नाही. उपाशी परत आलो. पेज होती, पण भूक नव्हती.

१५ जानेवारी
शेटजी आले. मी खुणावत होतो, तरी आबांनीच सांगितलं, पोरगं मनाचं चांगलं हाय, पर पळी मायाक्काला द्या. सख्खा बाप! आबा आता इथंच राहणार, मायाक्काला पाणी भरून देणार, चटणी कुटणार. मी उद्यापासून गिरणीत. आबांशी बोलणं बंद. माझ्याच खोलीत झोपतात, त्यामुळं कठीण जातं.

२० जानेवारी
दाढ सुजली. घरचीच दाढ, तीही उलटली. कल्लप्पा आजा वाटी घेऊन खोलीवर आला. म्हणाला, म्यानेजर, मऊ हाय, डाक्टराची हाय. पेज! मागं मायाक्का पदरात हसत होती. दोन घोट घेतले. मीठ कुणी ठरवलं होतं इतकं कमी?
उरलेली कुत्र्यानं बघून सोडून दिली.
मग आबा जवळ बसले. कडक भाकरी मुठीनं चुरली, आमटी ओतली, वर ताट झाकलं. थांब जरा, म्हणाले.
डाक्टर नेमके कुठं चुकले एवढंच बघायचं म्हणून खाल्लं. एका वाटीत नीट कळलं नाही. आबांना म्हटलं, अजून थोडी चुरा.