देवाला तीनदा विचारलं

चैत्र वद्य पंचमी, सन १९४४

आजही भाकरीत रेती! दाताखाली कचकन आली आणि ताट सारलं. बायको म्हणाली, "पीठ दोनदा चाळलंय. आता काय वारा चाळू?" उगाच तिच्यावर ओरडलो. राग तिचा नव्हताच.

गेल्या वर्षी टेकडीवरची देवराई कोळशासाठी तोडली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हसवडच्या मोटारी कोळशावर धावतात ना! कोळशाचा ठेकेदार बदल्यात देवळावर पत्रे घालून देणार, म्हणून राई तोडावी का, असा गावाने कौल लावला. देवाच्या अंगावरचं डावं फूल पडलं, म्हणजे नकार. गुरवाने पुन्हा लावला. पुन्हा डावंच. तिसऱ्यांदा उजवं पडलं आणि सगळे कुऱ्हाडी आणायला पळाले! आणि मी? शाळामास्तर, हात जोडून उभा.

एका पावसात टेकडीची माती ओढ्याला गेली, विहीर गाळाने बुजली. उरलेली रेती वाऱ्याबरोबर घरात.

संध्याकाळी गुरव दारात. "मास्तर, उद्या कौल लावतूय. हिरीचं पानी का गेलं, देवाला इचारू."

"त्याला काय विचारता? त्याने दोनदा सांगितलं होतं!"

गुरव शांतपणे म्हणाला, "मग तवा तुमी का न्हाई बोलला?"

चूळ भरली, तरी दाताखाली कचकच आहेच.