जवसाच्या तेलावरचा अंगठा

चंदीगड,
२१ जानेवारी १९७४

प्रिय नयना,

तुझं कार्ड पोचलं. लीना चौथीच्या सहामाहीत पहिली आली, वाचून बरं वाटलं. इथं थंडीनं हाडं गोठलीत. श्रीनिवासला आगीत जाऊन येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. पेट्रोल महागल्यापासून आमच्या प्रयोगशाळेचा भाव एकदम वधारलाय. जवसाच्या तेलापासून प्लास्टिकसारखी कडक राळ करायचं तुझ्या नवऱ्याचं आणि माझं खूळ, त्याला आता साहेबलोक दूरदृष्टी म्हणतात! तो हसून हसून लोळला असता.

राळ वाळली का, हे तो रोज सकाळी काचेवरच्या थरावर अंगठा टेकवून बघायचा. विळीवर कापलेला, आडव्या वणाचा अंगठा; तू हळद दाबली होतीस, तोच. नयना, दिवाळीपासून रोज सकाळी ओल्या थरावर तो ठसा असतो. वणासकट. कुलूप मी लावतो, मीच उघडतो. चौकीदाराला दटावलं, तर म्हणाला, “साबजी, चाबी तो आपके ही पास रहती है.” घाबरट म्हण हवं तर, पण हल्ली मी दार उघडण्याआधी खोकतो.

ठसा मी सोसलाही असता. पण भांडी पुसलेल्या तेलकट चिंध्या तो एकेक करून दोरीवर पसरायचा, आणि मी त्या डब्यात कोंबायचो म्हणून चिडायचा. गेल्या सोमवारी मी मुद्दाम तीन चिंध्या डब्यात टाकल्या. मंगळवारी सकाळी तिन्ही दोरीवर होत्या, कोपरे नीट ताणून. 

आता लिहितोच. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात राहिल्या की आपोआप तापतात, पेट घेतात. काडी लागत नाही. आगीच्या दिवशी दुपारी लवकर घरी पळायच्या नादात तो डबा मी भरला होता. संध्याकाळी आत श्रीनिवास एकटा होता. चौकशीत सगळे म्हणाले, त्याची सिगारेट. मी मान डोलावली. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन त्यानं सिगारेट सोडली होती. ती मोडली म्हणून तू त्याचा फोटोसुद्धा ट्रंकेत टाकलास, आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्यानं शपथ मोडली नव्हती गं. उद्या साहेबांना हेच लिहून देतोय, पण आधी तुला कळायला हवं होतं. मला माफ नाही केलंस तरी चालेल. त्याचा फोटो तेवढा बाहेर काढ.

तुझाच,
जयंतदादा