उभ्या दगडाची विहीर

मनोहरच्या बाबूजीस,

कोन बोलून राह्यली ते आधी सांगते, तुमचा भरोसा नाई. दर बाजारात छत्री विसरनारे तुमी. एकदा त ब्रह्मपुरीच्या बाजारात मलेच विसरून, बंडी जुंपून एकटे घरी पोचले होते! बैलं तरी मागं वळून पाहत होते म्हनतात. त मी तुमची बायको. मनोहरची माय. आठवली का?

लिहून राह्यली आपली नात शालू. कालेजात ते दगडं शिकते. मी म्हनलं, दगडं शिकाले कालेज काऊन लागते? तुझ्या आजोबाची सारी जिंदगी दगडात गेली, अन् डोकंही दगडाचंच होतं. "आजी, हे लिहू का?" म्हनते. लिही म्हनलं. ते काई वरून इथी येऊन भांडत नाई.

कारन म्हनाल त आपली वावरातली विहीर. हो, तीच. जिचं नाव काढलं की तुमी ताटावरून उठत होते.

साऱ्या गावाच्या विहिरी तुमी खोदल्या. सगळ्यायले पानी लागलं. आपली मात्र चाळीस हात गेली, अन् तळाशी पानी नाई त नाईच. पहिल्या दिवशी हळदकुंकू लावून ठेवलेला नाडा, विहिरीचा जाड दोर, मी शिदोरी घेऊन येताना ओलांडला होता. माझ्या डोक्यावर टोपलं, खाली काय दिसनार? बाईनं नाडा ओलांडला की पानी पळते म्हनतात. तुमी एकदाच म्हनले, "तू नाडा ओलांडला." मंग जल्मात त्याच्यावर बोलले नाई. भांडले असते त मी दोन शब्द वापस दिले असते. चूप बसनाऱ्या मानसाले काय वापस देनार?

खरं सांगू? मलेही तसंच वाटत होतं. उन्हाळ्यात नदीवरून पान्याचा गुंड डोक्यावर आनताना मी आपल्याच पायाकडे पाहत होती. तीस वर्सं.

यंदा मनोहर म्हनला, "माय, उद्या जेसीबी येते. विहीर बुजवून टाकतो. एखादं वासरू पडलं म्हनजे?" माझ्या गुन्ह्याची जागा बुजून राह्यली होती, मी कोन्या तोंडानं नाई म्हनू? पन शालू कमरेले दोर बांधून आत उतरली. वर आली त चेहरा असा, जसं तिले आत तुमीच भेटले!

म्हनते, "आजी, दगड उभा आहे!"

मी म्हनलं, दगड कधी निजते का? त तिनं वाकळ अंथरली अन् दोन्हीकडून हातानं रेटली. मधात घड्या उभ्या झाल्या. लय जुन्या काळात, मानूसच नव्हता तेव्हा, उत्तरेकडची जमीन आपल्या जमिनीले येऊन भिडली म्हनते. एसटी धडकते तशी नाई, वारूळ वाढते त्याच्याहूनही हळू. पन थांबली नाई. मंग मधातला दगड जाईन कुठी? वाकला, दुमडला, उभा झाला. काई थर त दुसऱ्यायच्या पाठीवर चढले, गोठ्याच्या दारात मागच्या म्हशी पुढच्यायवर चढतात तसे. दगड वाकते, हे तुमाले माहीत होतं का? तुमी त वाकले नाई कधी!

तुमचं कुठी चुकलं तेही ऐका. तुमी काम शिकले वरोऱ्याकडे. तिकडं दगड आडवा, पोळीवर पोळी ठेवल्यावानी. एक थर फुटला की दुसरा लागते. म्हनून तुमचं एकच म्हननं, "कडकाच्या खाली नरम असतेच, हाना!" इथी दगड उभा. बाकीच्यायच्या विहिरी नरम पट्ट्यावर पडल्या, म्हनून त्यायले पानी लागलं. आपल्या वावरात तुमी एका कडक भिंतीत शिरले अन् त्याच भिंतीतून खाली खाली गेले. शंभर हात गेले असते तरी तेच भिंत! पानी धरनारा नरम दगड तुमच्या बाजूले होता, चार पावलांवर. अवो, एकदा तरी बाजूले पाहाचं! मीबी त बाजूलेच बसली होती न.

त्या दिवशी मी आंगनात बसून आपल्या पायायले तेल लावलं. लय वेळ लावलं.

मंग मनोहरले म्हनलं, जेसीबी वापस पाठव, आडवा बोर मारनारा बोलाव. त्याले पटेना. "कोरड्या विहिरीत बोर? लोकं हसतीन, माय!" मी म्हनलं, लोकं तीस वर्सापासून हसूनच राह्यले, त्यायले काई नवं दे.

मशीन तळाशी उतरवली. शालूनं उगवतीकडची बाजू दाखवली. पहिले पांढरं पीठ आलं, मंग लाल गाळ आला. मनोहर वरून वाकून वाकून पाहे. अन् मंग मनगटावानी धार सुटली, बाबूजी! भिंतीतून आडवी! बोरवाला म्हनला, येवढं खोल कोनी आधीच खोदून ठेवलं म्हनून साधलं. त तुमचे चाळीस हात काई वाया गेले नाई. वर जाची घाई थोडीशी केली तुमी, बस.

माफी मागू नका. तुमाले जमनार नाई, अन् मले ऐकाची सवय नाई. मी जिवंत आहे तोवर हे विहीर कोनी बुजवनार नाई, हा माझा शब्द. तिचं तोंड बांधून घेते, धुऱ्याच्या बांधावर वांगे लावते. जे हसले त्यायलेही पानी देईन. पहिले थोडी बोलीन, मंग देईन.

पानी लागलं की गावजेवन घालाचं असते, ते आपलं राह्यलं होतं. येत्या सोमवारी आहे. भात, वरन, वांग्याची भाजी मी पाहते. पन लाखोरीच्या डाळीचे वडे तुमच्या बहिनीवानी इथी कोनाले येत नाई, अन् ते तिकडं तुमच्याजवळच आहे. तिले सांगा, जवसाच्या तेलात तळून पाठव. सपनात पाठवले तरी चालते, पन गरम पाठवा, अन् रस्त्यात अर्धे खाऊ नका.

तुमची,
मनोहरची माय
(अंगठा माझा, अक्षर शालूचं)